कपाटामागे

ट्रोम्सोत नोव्हेंबरात सूर्य जातो
तो जानेवारीच्या एकवीसला
डोंगराआडून जेमतेम कपाळ दाखवतो.
त्या दुपारी आउडहिल्ड माणसं बोलावते.

यंदा तिने आधी जेवणाची खोली रंगवली.
दुकानातला पोरगा म्हणाला,
"आजी, एवढा नारिंगी? आणि छतालासुद्धा?"
"छतालाच आधी."
बेचाळीस वर्षं ती खोली पांढरी होती.
योस्टाइनला पांढरं आवडायचं,
आणि बाहेर तर काय, सगळं पांढरंच.

टेबलावर गडद जांभळं कापड,
मोहरीच्या रंगाच्या, शेवाळी, एक टवका उडालेली निळी
अशा बशा. एकीचा दुसरीशी मेळ नाही, मुद्दाम.
पोटात मुरंबा भरून तळलेले गोळे
साखरेत लोळवून रचलेले.
मेणबत्त्या नाहीत.
"दोन महिने राबल्यात. आज त्यांना सुट्टी."

बारा वाजता सगळे खिडकीशी.
ढग.
साडेबाराला पण ढग.
मग एकेक जण मागे वळला
आणि कुणाला काही बोलायचं सुचेना.
एलीवने डोक्यावरची टोपी काढली.
धाकट्या टीराने सरळ स्वेटर काढला,
म्हणाली, "इथे उकडतंय."

रात्री बशा गोळा करताना
एलीवला दिसली कपाटामागची भिंत,
हातभर पांढरी, ब्रश न लागलेली.
"उद्या येतो मी.
दोघं मिळून सरकवू कपाट."

तिने निळी बशी पुसली,
टवक्यावरून बोट फिरवलं,
पुन्हा पुसली.
"कपाट जड नाहीये रे."