तीनशे बारा खुर्च्या

खुर्च्या माझ्या. निळ्या, प्लास्टिकच्या,
पाठीवर पांढऱ्या रंगात अम्पोन्सा, म्हणजे मी.
शनिवारी त्या मयताला जातात, रविवारी बारशाला,
आणि दर चार वर्षांनी, सात जानेवारीला,
तिकडे आक्रात कुणी शपथ घेतं तेव्हा
आमच्या बाजाराच्या मैदानात.

यंदा एकाच तारखेच्या दोन पावत्या फाडल्या.
चूक माझी. हात माझा, पेनही माझंच.
एक नगरसेवक बोआदूंची: अडीचशे खुर्च्या, तीन मांडव.
दुसरी अजोआ मावशीच्या मुलांची:
आई जाऊन आठवडा होतोय, असतील तेवढ्या द्या.
बोआदू म्हणाले, देशाचा प्रश्न आहे.
थोरला म्हणाला, आईचा प्रश्न आहे.
मी हातगाडीला टेकून उभा.
शेवटी दीडशे इकडे, दीडशे तिकडे,
उरलेल्या बारा मेथडिस्ट बँडला.

हरमाटनची धूळ त्या दिवशी इतकी
की सूर्याकडे डोळे न मिचकावता बघता येत होतं.
आकुआच्या खानावळीतला मोठा टीव्ही
चौघांच्या खांद्यावरून आला, पालखीतून राजा यावा तसा.
शाळेची पोरं, कागदी झेंडे, वाहती नाकं.
जिंकलेल्यांचे सदरे नवे, घडीही न मोडलेली.
हरलेलेही आले होते. सोबोलो फुकट होतं,
आणि घरी बसून भांडायचं कुणाशी?

तिकडे बिगुल वाजलं. हात वर गेला. ओठ उघडले.
इकडे वीज गेली.

मैदानभर एकच सुस्कारा. मग मागून कुणीतरी ओरडलं,
"झाली सुरुवात!"
हसण्यात जिंकलेले कोण, हरलेले कोण, कळेना.

आणि टेकाडाच्या पलीकडून, धुळीतून गाळून आल्यासारखा,
तोच आवाज, तीच शपथ.
इनुसाचा जनरेटर! आगाऊ पैसे मोजून
मयताच्या घरी नेलेला.
धाकट्याने लाउडस्पीकरला रेडिओ जोडला होता,
आईला दुपारच्या बातम्या लागायच्या म्हणून.

माणसं उठली. ज्याने त्याने
आपापली खुर्ची डोक्यावर घेतली आणि चालू लागला.
बोआदूंनीसुद्धा. खुर्चीवर बसलेले पुढारी खूप पाहिले,
खुर्ची वाहणारा हा पहिलाच.
मी रिकामी गाडी ढकलत मागे.

दारात थोरला, काळ्या-लाल कापडात.
या, म्हणाला, पण आधी रीत.
मग नव्या सदऱ्यांनी उजवीकडून सुरुवात करून
दुखवट्याला बसलेल्या एकेकाचा हात हातात घेतला,
आणि संविधान, संरक्षण, ईश्वर साक्षी वगैरे
त्या हातांवरून जात राहिलं.
मध्येच माइकवर पुकारा:
बोआदू साहेबांकडून पन्नास सेडी, आम्ही आभारी आहोत.
बँडने बसवलेलंच वाजवलं,
जरा हळू.

अजोआ मावशी माझ्या खुर्चीवर होती, चौकटीत,
कुणीतरी चिमटा काढल्यासारखी हसत.
डिसेंबरात मतदानाच्या रांगेत
हीच खुर्ची, नाहीतर हिची एखादी बहीण,
मीच तिला नेऊन दिली होती. पाय लटपटत होते तिचे.
कोणाला देणार गं, म्हटलं.
म्हणाली, कंबर दुखते म्हणून बसलेय रे,
गुपितं सांगायला नाही.
थोरला सांगत होता, अंघोळ घालताना
नखावरची शाई काही निघाली नाही.

वीज आली संध्याकाळी. टीव्हीवर तोवर
फुटबॉल.
मी खुर्च्या मोजल्या. तीनशे अकरा.
थोरल्याने विचारलं, फोटो खाली ठेवू का?
राहू दे, म्हटलं,
आणि पावतीवर लिहिलं, सर्व परत मिळाल्या.
ती पुढच्या सात जानेवारीला नेईन.