शुद्धिपत्रक

सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी छापखान्यात
मी मुद्रितशोधक. एजन्सीच्या कागदावर मात्र
'मदतनीस, अर्धकुशल'.
अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस घरी,
मग पुन्हा तीच खुर्ची, जिचा एक पाय
जुन्या राजपत्राच्या घडीवर टेकलेला.

काम सोपं आहे.
ऱ्हस्व की दीर्घ. स्वल्पविराम कुठे.
'त्याअर्थी'च्या आधी 'ज्याअर्थी' आलं की नाही.
राज्याचं जे काही ठरतं
ते एकदा माझ्या डोळ्यांखालून जातं
आणि मी त्यातल्या वेलांट्या पाहतो.

मे महिना. कूलरच्या ताट्या दुपारीच कोरड्या.
किमान वेतनाची अधिसूचना आली,
कडधान्य भरडणाऱ्या गिरण्यांची.
आडव्या ओळी: कुशल, अर्धकुशल, अकुशल.
उभे रकाने: परिमंडळ एक, दोन, तीन.
माणसाला काय येतं आणि तो कुठे उभा आहे
एवढं ठरलं की चौकटीत आकडा बसतो.

माझी मेव्हणी दुर्पता
कळमन्यापलीकडे दाळीच्या गिरणीत निवडायला जाते.
तेवीस वर्षं.
तुरीच्या दाळीत लाखोळी मिसळलेली असली
तर ती गप्पा मारता मारता, न बघता,
नुसत्या बोटांनी बाजूला काढते.
तिची ओळ: अकुशल.
गिरणी आधी शहरात होती,
मग मालकानं हद्दीबाहेर शेड टाकलं.
दाळ तीच, बाया त्याच, पारडीहून ऑटोचे वीस रुपये जास्त,
आणि कागदाच्या मते
हद्दीच्या दगडापलीकडे भूक थोडी कमी लागते.

तिच्याच चौकटीत मला चूक सापडली.
मूळ प्रतीत १०,४००.
खर्ड्यात १४,०००.
चार एक घर डावीकडे सरकलेला, बस्स.
अकुशल बाई कुशल पुरुषाच्या वर गेलेली,
छत्तीसशे रुपयांनी, कुणी न ठरवता.
लाल पेन उघडून मी बसून राहिलो.
सातनवरे साहेब डुलक्या घेत होते.
खर्डा सकाळपर्यंत माझ्याकडेच होता.

संध्याकाळी तिच्याकडे गेलो. चहा झाल्यावर म्हटलं,
समज, सरकारनं चौदा हजार केले तर?
"कोनाले? आमाले?
तीनशे रोज भेटते बाप्पा, नागा झाला तं तेही नाई.
कागदावर जो आकडा येते त्याच्यावर सही करतो आमी.
चौदावर करू. बोट थोडीच दुखते?"
मग सूप खाली ठेवून,
"पन तू वाढवू नको म्हनाव.
मांगच्या खेपेले आकडा वाढला तं शेवंताले काढलं.
मशीन आनली, सबसिडी भेटली म्हने.
मशीनले लाखोळी समजत नाई,
मंग रातच्याले आमालेच बलावते."
शेवंता आता काय करते, मी विचारलं नाही.
तिनं सांगितलंही नाही.

सकाळी मी चार त्याच्या जागी नेला.
समासात खूण, खाली आद्याक्षरं.
साहेब म्हणाले, वाचलो रे,
नाहीतर शुद्धिपत्रक काढावं लागलं असतं.
आणि मी, खरं सांगतो, खूश झालो.
तीन मिनिटं. कदाचित पाच.
नंतर डब्यात दाळ होती,
तिनंच दिलेली, निवडलेली.
मी तरी ती जेवताना बोटांनी चाचपत राहिलो.

महिनाअखेरी एजन्सीचा पोरगा
मोटरसायकल चालू ठेवूनच कागद पुढे करतो.
एका रकान्यात देय रक्कम, शेजारी प्राप्त रक्कम,
दोन्ही सारख्या, छान छापलेल्या.
बँकेत येते ती तिसरीच.
वाचायचं ते काम ऑफिसातलं.
इथं मी वाचत नाही.
मोतीराम निखारे, असं लिहितो,
आणि तीची वेलांटी
दीर्घ आहे ना, तेवढं पाहतो.