दोराच्या खाचा

बूर्जमधल्या त्या घराच्या फायलीवर सही माझीच आहे.
तळमजला दगडी, वर ओकच्या तुळया,
तुळयांच्या टोकांना कोरलेले तीन चेहरे,
त्यातल्या एकाचं नाक गेलेलं.
समोर कॅथीड्रल, पाच दरवाज्यांचं.
घराला एकच, तोही अंग चोरून शिरावं असा.

झिस्लेन बूदे दोनदा कार्यालयात आल्या.
दोन्ही वेळा कोट काढला नाही.
ओनोरेंचे पाय गेलेले, खोली वरची,
आणि गोल जिना एकसष्ट सेंटिमीटर.
लिफ्ट बसवू द्या, म्हणाल्या,
मागच्या अंगाला, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही.
मी म्हणालो, जिना संरक्षित आहे, मादाम.
आणि आम्ही?
हे मी इतिवृत्तात घेतलं नाही.

तीन वर्षं.
जातायेता मान वर जायची, कामाची सवय,
काचेमागे पांढरा शर्ट.
पर्यटक मोजायचे म्हणे,
चुकले की पुन्हा एकपासून.

मार्चमधल्या एका मंगळवारी चौकात माणसं थांबलेली.
जिन्यात शवपेटी वळेना.
सामान हलवणारे दोघे भाऊ
खिडकीची चौकट उतरवून
(मला न विचारता)
दोर सोडत होते, बेताबेताने,
खालून कुणीतरी, डावीकडे, अजून डावीकडे.
समोर मधल्या दरवाज्यावर
दगडातली माणसं आपापल्या थडग्यांची झाकणं
उचलून धरून उभी, केव्हाची.
ओनोरे जमिनीला टेकले.
झिस्लेननी कोटाचं वरचं बटण लावलं.

मग मी वर गेलो, नुकसान लिहायला.
खिडकीच्या दगडावर खाचा आहेत, हे मला नवं नव्हतं.
माझंच सर्वेक्षण:
‘बारा खाचा, दोराच्या.
बहुधा धान्याची पोती चढवण्यासाठी.’
बोट फिरवलं.
पोत्याला एक दोर पुरतो.
या जोडीजोडीने होत्या,
मध्ये हातभर अंतर.
टोकाच्या जोडीत पांढरी ताजी भुकटी.
भावांना कुणी सांगितलं नव्हतं,
दोर आपणच जुन्या जागी बसला होता.

मागून झिस्लेन म्हणाल्या,
चौकट लवकर बसेल ना? वारा येतो.
अर्ज, हा शब्द अगदी दातांपर्यंत आला होता.
मी कोट काढून खुर्चीवर टाकला
आणि चौकटीची एक बाजू धरली.
जड होती.
दुसरी त्यांनी धरली.