मीठ मोजायची वही

दिवसा उद्यमबागेत वाळू तपासतो:
ओल किती, माती किती, साचा धरेल की ढासळेल.
रात्री घरी पाणी.

वही निहारची. पहिल्या पानावर त्याचं अक्षर:
बाबा, पाणी उडतं, मीठ उडत नाही.
पातळी उतरली की साधं पाणी घाला. खारं नको.
खाली दोन रेघा.
मग तो वास्कोला बोटीवर लागला
आणि हा चार फुटांचा समुद्र
अनगोळच्या दुसऱ्या मजल्यावर माझ्या गळ्यात आला.

मी पहिल्याच महिन्यात खारं घातलं.

राकसकोपचं पाणी आमच्या नळाला चौथ्या दिवशी येतं,
आधी क्लोरीनचा वास, मागून पाणी.
ते फिल्टरमधून थेंब थेंब,
मग पिशवीतलं मीठ, मग रात्रभर ढवळण.
शालन म्हणते, माणसांसाठी कधी
इतकं निगुतीनं गाळलं नाहीत.

गेल्या मंगळवारी पाणी दुधाळलं.
दोन्ही बाटल्यांतले आठ-आठ थेंब नळीत टाकले,
पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो.
पिवळं यायला हवं होतं.
आलं पावट्याच्या शेंगेसारखं हिरवं.
अमोनिया.
दोन्ही जोकर मासे पंपाच्या तोंडाशी,
कल्ले भराभर हलतायत,
पट्टे मात्र तेवढेच झकपक.

फौंड्रीत पोरांना मी सांगतो,
कास्टिंगला भोक पडलं की लोखंडाला शिव्या देऊ नका,
वाळूत बघा.
तर दगडामागे बघितलं.
गोगलगाय. शंखातच मेलेली, कधीची कोण जाणे.
चिमट्यानं काढली तसा वास सुटला.
शालननं सगळ्या खिडक्या उघडल्या, एक शब्द न बोलता.
मला सगळं ऐकू आलं.

पाव हिस्सा पाणी काढलं, नवं ओतायला बादली उचलली
आणि हेस्कॉमनं वीज नेली.
पंप थांबल्यावर कळलं
इतके दिवस या घरात कोण बोलत होतं.

बादली तशीच अंधारात रिकामी केली.
मग मगानं पाणी उचलायचं, वरून धार सोडायची,
पुन्हा उचलायचं. हवा आत जावी म्हणून.
खांदा भरून आला तेव्हा खालचे तिगडी जिना चढून आले,
काखेत रिक्षाची जुनी बॅटरी.
"मीन सत्तुवेनु?"
"इन्नू इल्ल," म्हटलं. अजून नाही मेले.
माझं कानडी एवढंच, भाजीबाजारात शिकलेलं.

वायर जोडता जोडता त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.
"उप्पु," म्हणाले, आणि थांबले.
मग मराठीत, जपून, एकेक शब्द ठेवत:
समुद्र एकदाच बघितलाय. गोकर्णला.
अप्पांची हाडं घेऊन गेलो होतो.
पंप घरघरला.
ते गेले नाहीत. शालननं तिघांचा चहा टाकला.

बुधवारी हिरवं. गुरुवारी जरा फिकट.
मधे एकदा पुन्हा पाव हिस्सा.
रविवारी पिवळं, म्हणजे पिवळंच म्हणायचं,
ट्यूबलाइटखाली खात्री देता येत नाही.
एक मासा अजून खात नाही. वहीत लिहिलंय.

रात्री निहारचा फोन. मागे इंजिनाचा आवाज.
"बाबा, मीठ किती?"
"एक पॉइंट झिरो दोन पाच."
"बरोबर," तो म्हणाला. मग बराच वेळ इंजिनच.
गोगलगायीचं मी सांगितलं नाही.
त्यानंही तिकडचं काही सांगितलं नाही.

फोन ठेवला. काचेवर त्यानं मार्करनं ओढलेली रेघ आहे,
पाणी तिच्या बोटभर खाली गेलेलं.
तांब्या घेतला.
साधं पाणी.
रेघेपर्यंत.