लाल टिकली

गॅरेज सासऱ्यांचं, एरंडवण्यातलं.
त्यांची फियाट विकली त्या वर्षी
तेलाचा डाग फरशीवरून निघेना,
म्हणून मी वर सतरंजी टाकली
आणि बाहेर पाटी लावली : दालन.
शेजारच्या खळदकरकाकू म्हणाल्या,
"कसलं गं? धान्याचं का कापडाचं?"

दुपारी एक ते चारही मी उघडं ठेवायची.
एक ते चार कोणी यायचं नाही.
चारनंतरही.

पहिलं प्रदर्शन मुरलीधर चोरघ्यांचं.
घोरपडीच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर,
म्हणजे गणिताचे सर रजेवर गेले की वर्ग सांभाळणारे.
अठरा चित्रं. जुन्या धोतरात गुंडाळून
लुनावर दोन-दोन करून आणली;
लकडी पुलावर वारा कॅनव्हास ओढायचा
आणि मागे बसून मी वाऱ्याला.
तपकिरी, राखाडी, आणि मध्येच एक हिरवा,
जो मी तोवर फक्त
गच्चीवरच्या टाकीत पाहिला होता.

लोक आले. चहा प्याले.
एकाने विचारलं, "हे चुकून आडवं लागलंय का?"
एका बाईंनी पर्समधून पडद्याचा तुकडा काढून
अठराच्या अठरा चित्रांना लावून पाहिला.

सातव्या सकाळी, चोरघे यायच्या आत,
मी कपाळावरची टिकली काढली
आणि अकरा नंबरशेजारी भिंतीला लावली.

"गेलं?"
"गेलं."
"कुणाकडे?"
एवढा विचार मी केला नव्हता.
"डॉक्टर आहेत एक. सहकारनगरला. उपासनी."

सतराशे रुपये मी भिशीतून दिले,
माझं कमिशन कापून.
नाहीतर त्यांना संशय आला असता.

ती टिकली पाहून संध्याकाळी आणखी दोन गेली.
दुसऱ्याला आवडलंय म्हटलं
की माणसाला चित्र दिसायला लागतं.
पुढची बत्तीस वर्षं मी एवढ्यावरच काढली.

मग कोरेगाव पार्क, काचेचं दार, पांढऱ्या भिंती,
दिल्लीचे मेळे, दुबईचे मेळे,
"निळ्यात काही आहे का?" विचारणारे बाणेरचे बिल्डर.
निळ्यात दिलं.
एका पोराचे पैसे मी चार महिने अडकवले
आणि त्याच महिन्यांत नवे दिवे बसवले.
हेही इथे असू दे.

चोरघे दर दिवाळीला एक कार्ड काढायचे, हाताने,
डॉक्टरांसाठी. माझ्याकडे द्यायचे.
"त्यांना म्हणावं, उजेड डावीकडून येऊ द्या."
एकदा म्हणाले, भेट घडवा.
मी डॉक्टरांना मुलाकडे अमेरिकेला धाडलं.
पुढच्या वर्षी त्यांचा गुडघा केला.
त्यानंतर चोरघ्यांनी विचारलं नाही,
फक्त कार्डावर गुडघ्याची चौकशी असायची.

गेल्या श्रावणात चोरघे गेले.
त्यांची तृप्ती यादी घेऊन आली,
बाबांचं सगळं काम एकत्र लावायचंय म्हणाली.
वहीत वडलांचं अक्षर :
अकरा. डॉ. उपासनी, सहकारनगर.
"पत्ता द्याल?"
"बघते," म्हटलं.

चित्र माझ्या झोपायच्या खोलीत आहे.
खिडकी डावीकडे यावी
म्हणून पलंग फिरवून घेतला होता, तेव्हाच.
खालच्या खणात कार्डं, सव्वीस.
टिकली भिंतीवरून निघाली तेव्हा
रंगाचा पापुद्रा घेऊन निघाली;
तीही आहे, एका पाकिटात.

चिठ्ठी छापायला दिली :
मुरलीधर चोरघे. शीर्षक नाही. तैलरंग.
खाजगी संग्रह, पुणे.
यात खोटं काहीच नाही.
दोनदा वाचून पाहिलं.

तृप्तीनेही वाचलं.
मग पिशवीतून उद्घाटनाची पत्रिका काढून
माझ्यापुढे धरली.
"डॉक्टरांना पोचवाल ना?
गुडघा बरा असेल तर यायला सांगा."

तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.
पाकीट चिकटवलेलं होतं.
मी घेतलं.