बोंड

कपाशीचं बोंड फुटलं की आमच्या घरात आनंद असतो.
माझं फुटलं सहाव्या दिवशी, पहाटे,
उजवं आधी.
पोरीच्या ओठाच्या कडेला लाल ठिपका दिसला
आणि मी तिचं तोंड उघडून हिरड्या तपासत बसले.
तिला काहीच झालं नव्हतं.
रक्त माझं होतं.

मिरचीची आग मला ठाऊक आहे.
नंदुरबारच्या पथारीवर आठ हंगाम देठं खुडली,
नखांत शिरलेली आग घेऊन जेवले, झोपले, वेणी घातली,
एकदा विसरून डोळ्यालाही हात लावला.
ती आग ताकात हात बुडवला की थोडी निवते.
ही निवत नव्हती.
पोरगी रडायच्या आधीच, नुसती चुळबुळली तरी
माझ्या पायांचे अंगठे आवळायचे
आणि मी छताचे पत्रे मोजायची.
अकरा.
दर वेळी अकराच.

सांगणारे पुष्कळ होते.
कुणी म्हणालं तूप, कुणी हळद.
शेजारच्या जिजीनं सांगितलं, साबणानं खसखसून धू,
आणि मी धुतलं, दोन दिवस,
वाळलेल्याला आणखी वाळवलं.
सासू म्हणाली, "बरं व्हई जाई माय, पहिलटकरीनले आसंच ऱ्हास."
खोटं नव्हती बोलत.
तिचं तसंच गेलं होतं, तीन वेळा, दात आवळून.

गुरुवारी वसावे सिस्टर आल्या.
पेटी खाली ठेवली, खाटेच्या कडेला बसल्या,
विचारलं काहीच नाही. म्हणाल्या, पाज.
लाजून मी भिंतीकडे वळले
तर त्या भिंतीकडे येऊन उभ्या राहिल्या.
बघितलं. मग एवढंच,
"तू तिच्याकडे वाकतेस, बाई.
तिला तुझ्याकडे आण."

करंगळी पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यात सरकवली,
चट्‌ आवाज झाला, पकड सुटली.
(आणि मी इतके दिवस ओढून सोडवत होते!)
माझ्या पाठीमागे गोधडीची घडी.
तिचं पोट माझ्या पोटाला.
बोंडासमोर तिचं नाक, तोंड नाही.
"थांब. अजून थांब. जांभईएवढं उघडू दे."
पोरगी वैतागली, मान झटकली, ओरडायला आ केला
तेवढ्यात त्यांनी खांद्यामागून तिला आणलं,
हनुवटी आधी,
खालचा काळा भाग जास्त तोंडात, वरचा कमी.
मी सवयीनं वर बघितलं.
एक. दोन. तीन. चार.
पाचव्या पत्र्यावर दुखणं ओसरलं,
आणि खोलीत एक आवाज ऐकू आला
जो मी आजवर ऐकलाच नव्हता.
गटक्‌. मग थोडं थांबून, गटक्‌.

औषध विचारलं तर हसल्या.
"तुझ्याकडेच आहे. पाजून झालं की शेवटचे दोन थेंब
तिथंच बोटानं पसर, वाऱ्यावर वाळू दे.
साबण बंद. आतलं फडकं ओलं झालं की लगेच बदल.
कमी दुखतंय त्या बाजूनं सुरुवात कर.
ताप आला, लाल गाठ आली, तर पत्रे मोजत बसू नको,
दवाखान्यात ये."
त्यांना पत्र्यांचं कसं कळलं, मी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी केवळ, माझी जाऊ, पथारीवरून आली.
नळावर हात धुतले, मग तेल चोळलं, मग पीठ, मग पुन्हा पाणी,
वास घेतला,
आणि पोरीला घेतलं नाहीच.
आत मी पदर बाजूला करून बसलेली,
थेंब वाळत होते.
ती उंबऱ्यावर दाराकडे पाठ करून बसली,
कोणी आत येऊ नये म्हणून,
लाल हात गुडघ्यांवर उताणे ठेवून.
बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, "मन्हा टाईमले कोनी नही सांगं."
तिची दोन्ही पोरं बाटलीवर वाढली.
त्यावरून तिला घरात काय काय ऐकवलं होतं,
त्यातलं थोडं मीही.

उजवं अजून पुरतं भरलेलं नाही.
चिमूट काढल्यासारखं होतं, पहिल्या घोटाला.
पोरगी आता उठली आहे, मूठ चोखते आहे.
अंगठे आवळू बघतात, मी सोडवते.
थांबते,
ती आ करेपर्यंत.