दोन बोटं

हुपरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली गेलेली धामण
मी डब्यातून घरी आणली,
तेव्हा आई म्हणाली, शिकून शिकून हेच का.
तीन आठवडे गच्चीवर, पाण्यात. झाकणावर वीट.
मग गाळणीत उरली
तांदळाच्या कण्यांसारखी हाडं.

अण्णांनी डोळ्याला भिंग लावलं.
चाळीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडणारा माणूस.
त्यांना हाडं दिसलीच नाहीत, सांधे दिसले.
"ह्यो तुकडा सुटाच लोंबतोय की गं."

म्हटलं, ते क्वाड्रेट. जबडा त्यालाच टांगलेला.
फार फार मागं गालाला दोन कमानी होत्या.
खालची गेली, सरडे झाले, घोरपडी झाल्या,
जबडा जरा झुलायला लागला.
सापांची वरचीही गेली.

"म्हंजे डाक सुटला."
हो.
"सुटला, का सोडला?"

विद्यापीठात मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी दुसरा डबा उघडला:
गगनबावड्याच्या तांबड्या मातीतला खापरखवल्या.
हाही सापच. पण डोकं घट्ट,
गव्हाच्या दाण्याएवढी पाचर.
माती फोडत जगणाऱ्याला सैल डोकं परवडत नाही.

दोन्ही कवट्या त्यांनी ऐरणीवर शेजारी मांडल्या.
भट्टी विझत आली होती.
बराच वेळ बघत राहिले,
आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना,
स्वतःचं तोंड उघडलं.
दोन बोटं.
सीपीआरच्या डॉक्टरनं मोजलं होतं तेवढंच.
मावा सुटून वर्ष झालं,
गाल अजून सुटलेला नाही.
आतून आईचा आवाज येत होता,
दुधात भाकरी कुस्करल्याचा नसतो खरं तर आवाज,
पण आमच्या घरात तो येतो.

धामणीच्या खालच्या जबड्याची दोन टोकं
मी फेविक्विकनं चिकटवणार होते.
अण्णांनी मनगट धरलं.
"आयुष्यभर मोकळी व्हती न्हवं ती?"
केसाएवढी तार ओढली,
एक कडी वळवली,
टोकांमधून घातली. डाक दिला नाही.
बोटानं ढकललं तसा जबडा
एकेक बाजूनं पुढं सरकला,
अंधारात जिना चढणाऱ्या माणसासारखा.

सकाळी हिशोबाच्या वहीत बघितलं.
पार्टी: धामण.
माल: कडी एक, सुटी.
मजुरीच्या रकान्यात रेघ.